चुकवून टाकणारी आक्का

बसून गोळा टाकताना माणसाचं बूड खुर्चीवरून उचलतंय का, एवढंच बघायला एक माणूस नेमलेला असतो. त्याला पांढरी टोपी मिळते, लाल झेंडा मिळतो आणि दुपारी जेवणाचं पाकीट मिळतं. ही गोष्ट मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हती. त्या वर्षी ती मला सांगलीतल्या एका मैदानावर, लाउडस्पीकरवरून, माझ्याच वर्गातल्या पोरांसमोर, पैठणी नेसलेल्या अवस्थेत कळली.

आता मी आजी झाले आहे. दृष्टी, दात आणि लाज तिन्ही कमी झाल्यात, म्हणून सांगायला हरकत नाही.

तेव्हा मी सांगलीच्या एका हायस्कुलात शिक्षिका होते. माहेर-सासर दोन्ही सातारचं, आणि हे मी दर तिसऱ्या वाक्याला सांगत असे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डावा पाय बारीक, त्याला आधाराला लोखंडी कॅलिपर. या पायानं मला चालायला त्रास दिला, पण भाषणाला फार मदत केली. अपंगांचा कुठलाही कार्यक्रम असला की प्रमुख पाहुणी मीच. माझं भाषण एकच होतं आणि त्यात एक वाक्य हमखास यायचं: ‘पाय नसले म्हणून काय झालं, मनाला पंख असतात!’ समोर बसलेल्यांपैकी काहींना खरोखरच पाय नसायचे. मला दीड होता. तरी त्यांना धीर द्यायचं काम माझ्याकडे.

त्या दिवशी जिल्ह्याच्या अपंगांच्या मैदानी स्पर्धा होत्या. मी बोलायला उभी राहिले आणि नेहमीसारखी रंगले. मैदानाच्या मध्यभागी एक बाई लोखंडी खुर्चीत पट्ट्यांनी जखडून बसलेली होती. बसून टाकणाऱ्यांचं असं असतं की एकदा खुर्चीला बांधलं की सगळे प्रयत्न ओळीनं उरकायचे आणि मगच सोडायचं. तिला बांधून झालं होतं आणि तेवढ्यात मी माइक हातात घेतला होता. बाई उन्हात, हातात गोळा धरून, माझं भाषण संपायची वाट बघत होती. मी पंखांपर्यंत पोचले तेव्हा तिकडून खणखणीत आवाज आला.

“आवं बाई, त्ये पंख मिटा की आता! हितं माझं टाळकं तापलंय.”

लोक हसले. मी माइकवरून म्हणाले, “आपला उत्साह पाहून मला आनंद होतो आहे.”

“उत्साह न्हाई, ऊन हाय. लय सोपं वाटत असंल तर या की खाली. एक गोळा टाका, आन् मग दिवसभर बोला.”

संयोजकांना हे फार आवडलं. त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं. तिला सोडवलं, मला बसवलं, पैठणीवरून पट्टे आवळले. गोळा तीन किलोचा. मी मनात म्हटलं, एवढ्या वजनाची तर आपण वह्यांची पिशवी रोज उचलतो. श्वास घेतला, पोरांकडे बघून हसले आणि सगळा जोर लावून गोळा ढकलला. तो माझ्या पायांपासून पुढं, एखादी म्हैस बसावी तेवढ्या अंतरावर जाऊन पडला. पांढऱ्या टोपीवाल्यानं लाल झेंडा वर केला आणि निवेदकानं अत्यंत आदरानं जाहीर केलं, “प्रमुख पाहुण्यांचं बूड उचललेलं आहे. प्रयत्न बाद.”

पुढचे आठ-पंधरा दिवस मी फळ्याकडे वळले की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, “बाद.”

तिला सगळे आक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले. पलूसच्या अलीकडे एका गावात, रस्त्यापासून दोन-तीन शेतं आत, धाकट्या भावाच्या घरी ती राहायची. मी तिच्याकडे गोळा शिकायला गेले ते खेळाच्या ओढीनं नव्हे. मला बदला घ्यायचा होता. तिच्याकडूनच शिकायचं आणि तिलाच हरवायचं, असा माझा बेत होता. फार मोठ्या मनाची होते मी तेव्हा.

पहिल्या रविवारी गेले तर ती दारात चाकांच्या खुर्चीत बसून गोळा धूत होती. पाण्यानं धुतला, पदरानं पुसला आणि उन्हात पोत्यावर ठेवला.

“आलासा व्हय? वाटलंच हुतं. अपमान लागल्यालं माणूस लौकर येतंय.”

कमरेच्या वर आक्का पैलवान होती. नेसूचं लुगडं, त्यावर भावाचा जुना फुल शर्ट, बाह्या दुमडलेल्या. कमरेखाली काहीच हलायचं नाही. लग्नानंतर वर्षभरात उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून पडली होती. सासरच्यांनी चार दिवस विश्रांतीला म्हणून माहेरी पाठवलं. त्याबद्दल ती एवढंच म्हणायची, “मला दुरुस्तीला धाडलं आन् न्यायला इसरलं.” मोटारपंपाबद्दल बोलावं तसं. त्या भागातल्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल ‘मी येतो, मी टाकतो’ असंच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते शोभायचंही.

घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही. त्यात आक्कानं स्वतःची भर घातली होती. बटाटा खाणाऱ्याचा गोळा बटाट्यागत पडतो, हे तिचं शास्त्र. मी एसटी स्टँडवर वडा खाऊन आलेली तिला दुरूनच कळायचं. पहिला गोळा पडला की ती म्हणायची, “किती खाल्लं? दोन?” दोनच खाल्लेले असायचे.

तिच्या हातात ताकद आली ती गोफणीमुळे. शाळू दाण्याला आला की पाखरं हुसकायला भाऊ तिला खुर्चीसकट बांधावर नेऊन बसवायचा. दिवसभर तिची गोफण फिरायची. पण पाखराला दगड लागता कामा नये. लागला तर तिच्या हिशेबी नेम चुकला. “मारायचं न्हाई वो, उठवायचं. शेपटीच्या मागनं ईतभर गेला पायजे.” आयुष्यभर तिनं चुकवण्याचाच नेम धरला होता. एकदा रस्त्यानं जाणाऱ्या खेळाच्या एका मास्तरानं तिचा हात बघितला आणि तिच्या हातात लोखंडाचा गोळा दिला. मास्तर पुढं बदलून गेला. गोळा राहिला.

सरावाची जागा म्हणजे घरामागचं पडीक रान. वेल्डिंगवाल्यानं जुन्या ट्रॅक्टरच्या सीटखाली चार पाय जोडून दिलेली खुर्ची तिथं साखळ्यांनी जमिनीला बांधलेली. आक्काला तिच्यात बसवलं की ती गोळा हातात घ्यायची, मानेशी टेकवायची, आणि थांबायची.

“बाई, खाली कोन हाय बगा जरा.”

खाली म्हणजे गोळा जिथं पडणार तिथं. आणि कोण म्हणजे किडा, मुंगी, गांडूळ, गोगलगाय. मी काठी टेकत, कॅलिपर ओढत तिथवर जायचे, वाकायचे, एखादा काळा भुंगेरा पानावर घेऊन बाजूला ठेवायचे, परत यायचे. ती एक गोळा टाकायची. मी तो आणायचे. मग पुन्हा, “बगा जरा.” त्या वर्षी गोळा किती टाकला ते आठवत नाही, पण त्या रानातल्या गांडुळांना मी तोंडावरून ओळखायला लागले होते.

मला शिकवण्याची तिची पद्धत तिनंच काढलेली. माझ्या बुडाखाली वर्तमानपत्राची एक लांब पट्टी ठेवायची आणि तिचं दुसरं टोक स्वतःच्या हातात ओढून धरायचं. मी टाकताना जरा उचलले की पट्टी सर्रकन बाहेर.

“हे बगा, आला पेपर. वाचा आता.”

एका रविवारी पट्टी बाहेर आली आणि मी बघितलं तर तिच्यावर माझाच फोटो. आदर्श शिक्षिकेचा सत्कार, शाल, नारळ, सगळं. मी त्या दिवशी सकाळपासून स्वतःवर बसले होते.

“आक्का, मुद्दाम केलंत?”

“न्हाई वो. हाताला आला त्यो फाडला.” मग पट्टी सरळ करत, “पन बसाया बरा हाय.”

हसायला ती कधी हसायची नाही. डोळे बारीक करून लांब बघायची, तेच तिचं हसू.

एक गोष्ट मात्र तिच्याकडे थट्टेची नव्हती. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट. काळी माती. उन्हाळ्यात भेगाळलेली का होईना, खुर्ची ढकलता यायची. पाऊस लागला की चाकं निम्मी आत. पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळी होईपर्यंत आक्का उंबऱ्याच्या आत. ताप आला तर डॉक्टरकडे बाजेवर घालून न्यायचं, बाजार नाही, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन नाही, कुणाच्या लग्नाला नाही. एकदा मी पावसात गेले तेव्हा ती घराच्या पुढच्या सोप्यात बसून पुन्हापुन्हा तोच गोळा वर-खाली करत होती.

“काय करताय आक्का?”

“तुरुंगात काय करत्यात? सक्तमजुरी.”

भाऊ वाईट नव्हता. बागायतदार, बोलायला मोकळा, बहिणीला कधी एका शब्दानं दुखवलं नसेल. पण रस्त्याचा विषय निघाला की “पुढच्या गळिताला करू आक्का.” कारखान्याचं गळीत दर वर्षी यायचं, रस्ता काही यायचा नाही. मग पुढच्या जिल्ह्याच्या स्पर्धेत आक्काला पदक मिळालं. गावातली चार जाणती माणसं अभिनंदनाला आली, चहा झाला, भाऊ फुलला आणि सगळ्यांदेखत बोलून गेला, “राज्याच्या स्पर्धेला निवड झाली की मुरूम टाकून पक्का रस्ता करतो, आक्का. शब्द हाय.”

आक्कानं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. “ऐकलं न्हवं समद्यांनी?”

त्या दिवसापासून तिचा गोळाच बदलला. तो हातभर पुढं पडायला लागला. पडेल तिथं ती बघायची तेव्हा मला वाटायचं, तिला तिथं गोळा दिसत नाही, मुरूम दिसतोय.

आणि मला काय हवं होतं? ट्रॅकसूट. सातारा-सांगली मिळून एक संघ जाणार होता, निळा ट्रॅकसूट मिळणार होता, पाठीवर पिवळी अक्षरं. आयुष्यभर मला कुणी पळताना पाहिलं नव्हतं, तेव्हा निदान पळणाऱ्यांचे कपडे तरी अंगावर यावेत, अशी फार इच्छा. गोळ्याला बायका आम्ही दोघीच, जागा एक. आक्का नेहमी माझ्यापेक्षा हातभर पुढं असायची, त्यामुळे जागा कुणाची याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. एव्हाना बदल्याचा बेत मी सोडला होता. म्हणजे तो पेलत नाही हे कळलं होतं. मग मी दुसरा बेत केला: शर्थीनं लढून, अगदी थोडक्यात हरायचं, आणि आक्काच्या गळ्यात हार घालून चार शब्द बोलायचे. शब्द तयार होते.

निवड चाचणी उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्यात. माझ्या दोघी नणंदा डबे घेऊन झाडाखाली बसलेल्या. त्यांना मी ‘जवळजवळ निवड झालीय’ असं सांगून ठेवलं होतं. आक्का भावाच्या पिकअपमधून आली, ट्रॅक्टरची सीट दोरानं मागं बांधलेली.

पहिली पाळी तिची. खुर्ची साखळ्यांनी बांधली, तिला पट्टे आवळले. तिनं गोळा मानेशी धरला आणि सवयीनं समोर नजर टाकली. समोर पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघांमधल्या रानात एक टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत घिरट्या घालत होती.

“थांबा,” आक्का म्हणाली.

“टिटवी आहे हो, उडून जाईल,” पांढरी टोपी.

“ती उडंल. अंडी कशी उडत्याल?”

माणसं बघायला गेली. खरंच होती. चार खड्यांमध्ये ठिपक्यांची चार अंडी, उघड्यावर, बघूनही दिसू नयेत अशी. आणि जागा कुठली, तर आक्काचा गोळा पडतो नेमकी तीच. एकजण उचलून बाजूला ठेवायला वाकला.

“हात लावू नगासा!” आक्का एवढ्या जोरात ओरडली की भालाफेकवाले पण थांबले. “जागा हलीवली तर ती टाकून जाती.”

“वर घमेलं पालथं घालू या?”

“आन् घमेल्यावर गोळा पडला की?”

मुख्य पंच सज्जन होते, पण त्यांच्यामागे सबंध दिवसाच्या स्पर्धा होत्या. रेघा आखलेल्या, साखळ्यांचे खुंट ठोकलेले. ते म्हणाले, “आक्का, मैदान आता बदलता येत नाही. एका प्रयत्नाला एक मिनिट. मी घड्याळ लावतोय.”

आक्कानं मान हलवली. मग मी बाजूला उभी होते तिकडे वळून म्हणाली, “बाई, तुमी मातूर बिनघोर टाका. तुमच्या गोळ्यापास्नं अंड्यास्नी काय धोका न्हाई.”

सगळं मैदान हसलं. सगळ्यात मोठ्यानं माझ्या नणंदा.

पहिला गोळा तिनं समोर टाकलाच नाही. अंग वळवून उजव्या रेघेच्या कडेकडेनं सोडला. तो रेघेच्या बाहेर पडला. लाल झेंडा. दुसऱ्या वेळी ती थांबून राहिली. टिटवी अंड्यांवर येऊन बसली की नेमकी जागा कळेल, म्हणून थांबली. टिटवी खाली उतरत होती, पुन्हा उठत होती. भाऊ पिकअपपाशी उभा राहून ओरडला, “आक्का, टाक की!” मिनिट संपलं. लाल झेंडा. टिटवी त्यानंतर बसली.

तिसरा. आक्कानं पुन्हा अंग पिळलं, दात खाल्ले, आणि गोळा रेघेच्या आत वीतभर, अंड्यांपासून लांब, जाऊन पडला. पांढरा झेंडा. पण वाकड्या अंगानं टाकलेला गोळा किती जाणार? टेप लावली. नेहमीपेक्षा हातभर कमी.

आणि नेहमीपेक्षा हातभर कमी म्हणजे माझंच अंतर.

मी जिंकू शकते ही शक्यता माझ्या एकाही बेतात नव्हती. भाऊ तोंड फिरवून पिकअपच्या चाकाकडे बघत उभा होता. मला तो रस्ता दिसायला लागला, खरं तर न झालेला रस्ता. मला बांधत होते तेव्हा मी मनाशी ठरवलं: आयुष्यात एकदा तरी त्याग करायचा. गोळा जवळ टाकायचा.

पहिल्या खेपेला ठरवायचीही गरज पडली नाही. बूड उचललं, बाद. दुसऱ्या वेळी मी मुद्दाम हात सैल सोडला. गोळा पुढ्यात पडला. मी चेहरा पाडला, कपाळावर हात मारला, शाळेच्या नाटकात मी कायम बसवायचे तसा अभिनय केला.

आक्काची खुर्ची बाजूलाच आणून ठेवली होती. ती हळू आवाजात म्हणाली, “बाई. मुद्दाम टाकला व्हय?”

“नाही हो आक्का, घसरला.”

“मी जलमभर चुकवून टाकत आलोय. मला चुकवल्यालं कळत न्हाई व्हय?”

मी पदरानं हात पुसायला लागले.

“पाखराला सोडलं त्ये माझं मी सोडलं. तुमी मला सोडू नगासा. टाकायचा तर टाका, न्हाई तर उठा त्या खुर्चीवनं. मला दयेचा रस्ता नगो.”

ती एवढी चिडलेली मी कधी बघितली नव्हती. मलाही राग आला, कुणाचा ते आजही सांगता येणार नाही. मी गोळा मानेशी धरला, डोळे मिटले आणि टाकला. बूड खुर्चीला खिळ्यानं ठोकल्यासारखं राहिलं. पांढरा झेंडा. टेप लावली. पंचांनी दोनदा वाचलं. आक्कापेक्षा दोन बोटं जास्त.

नणंदा डबे टाकून धावल्या. मी खुर्चीत बांधलेल्या अवस्थेत हमसून रडत होते. “आनंदाचं रडू आहे,” थोरलीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. हाराचे शब्द तयार होते, ते कुणाला म्हणायचे कळेना.

आक्का जाताना पिकअपच्या मागच्या फळीवर बसली होती, मी काठी टेकत निरोप द्यायला गेले. भाऊ गाडी चालू करता करता म्हणाला, “चार अंड्यांपायी घालवलंस आक्का.”

“व्हय.”

“जरा मधनंच टाकला असतास तर—”

“व्हय म्हनलं की. चल आता, जेवायचं हाय दिस हाय तवर.”

राज्याच्या स्पर्धेचं विचारू नका. ट्रॅकसूट इतका मोठा आला की पाठीवरचं ‘सातारा’ घडीत गेलं आणि लोकांना फक्त ‘सांगली’ वाचता येत होतं. तिन्ही प्रयत्न बाद. कारण तेच.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी पलूसला गेले. पाऊस लागला होता. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट म्हणजे नुसता राडा. निम्म्यात कॅलिपर रुतला, ओढून काढला तर चप्पल आत राहिली. एकदा बसले. एकदा आडवी झाले. तशीच कडेकडेनं धरत पोचले तर वाटेच्या घराकडच्या तोंडाशी मुरमाची भरलेली ट्रॉली उभी, शेजारी भाऊ डोकं धरून आणि दारात आक्का.

“बाई, बरं झालं आलासा,” भाऊ म्हणाला. “हिला तुमीच सांगा. निवड झाली न झाली, मरू दे. मी मुरूम आनलाय. तीन दिस ट्रॉली उभी हाय, ही टाकू दीना.”

“शब्द काय हुता?” आक्का दारातनं. “निवड झाली की. झाली? न्हाई. हरलोय मी. हरल्याला हरल्यागत बसू द्या.”

“पण मी माझ्या मनानं देतोय न्हवं आता!”

“त्येच नगो. आज मनानं देशील, उद्या मनानं काढून घेशील. मी जितून घेनार हुतो.”

“आगं, पुन्हा पावसाळाभर आत बसशील!”

“बसीन. सवय हाय.”

आणि तिनं खुर्चीचं तोंड भिंतीकडं फिरवलं. भाऊ रडकुंडीला आलेला. तो एवढा मोठा माणूस ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभा, आणि ती भिंतीकडं बघत बसलेली. मी तेव्हा काही फार विचार केला असं नाही. गुडघ्यापर्यंत चिखल, एक पाय अनवाणी, कमरेत कळ. मला फक्त राग आला होता, आणि राग आला की मी वर्गातल्या आवाजात बोलते.

“आक्का, तुम्हाला कोण देतंय रस्ता?”

खुर्ची वळली.

“निवड कुणाची झाली? माझी. मग रस्ता कुणाचा? माझा. जिंकून घेतलाय. भाऊ, टाका मुरूम. या पायानं दर रविवारी मला यायचंय, माझी चप्पल तिथं मध्ये पुरली गेलीय. माझ्या रस्त्यात मध्ये बोलायचं तुम्हाला काही कारण नाही.”

आक्का माझ्याकडे बघत राहिली. पायापासून वरपर्यंत बघितलं, चिखल बघितला. मग डोळे बारीक करून लांब, उसाच्या शेंड्यांकडं बघायला लागली.

“तुमचा?”

“माझा.”

“टाक रं मग,” ती भावाला म्हणाली. “बाईंचा हाय म्हनं.”

रस्ता झाला. वर रोलर फिरवला, दोन्ही बाजूला चर काढले. पुढच्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत माझा फोन वाजला.

“बाई, बाजारला जायचं हुतं. तुमच्या रस्त्यानं जाऊ का?”

मला वाटलं थट्टा. मी हसले. पण ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

“जा की आक्का.”

“बरं.”

त्यानंतर हे कायमचं झालं. बाजार, बस्ती, कुणाचं बारसं, पुढं गावच्या शाळेत पोरांना गोळा शिकवायला जायला लागली तेव्हा तर रोज. आधी फोन. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडत असताना फोन. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना फोन, तर डॉक्टरांनी माझ्या वतीनं परवानगी दिली. मलाही हळूहळू माज आला. सातारा-सांगलीत माझ्या नावावर एक गुंठाही नाही, पण हा रस्ता होता. “जा, पण डाव्या अंगानं जा,” असं मी म्हणायचे. एकदा गंमत म्हणून म्हटलं, “आज नको.” ती “बरं” म्हणाली आणि त्या दिवशी खरोखर घराबाहेर पडली नाही. गावात तेव्हा वार्षिक पूजा होती. संध्याकाळी भाऊनं फोन करून मला असं काही झापलं की पुन्हा मी ती गंमत केली नाही.

निवृत्त होऊन मी साताऱ्याला मुलीकडे राहायला आले तरी फोन चालूच. माझ्या नातीला वाटायचं, आजी कुठल्या तरी खात्यात मोठी अधिकारी आहे.

मागच्या वर्षी एका सकाळी फोन वाजला. आक्काचा नंबर. मी उचलून सवयीनं म्हटलं, “जा, जा.”

“बाई, मी भाऊ बोलतोय. आक्का गेली पहाटं. झोपेतच. तरास न्हाई झाला काय.”

मी बसले.

“मानसं जमल्यात समदी. न्यायची तयारी झालीया. पर कुनी उचलंना. समदी म्हनत्यात, आदी बाईस्नी इचार. तुमच्या रस्त्यानं न्यावं लागतंय न्हवं. नेऊ का?”

कुठल्याही प्रसंगाला माझ्याकडे भाषण तयार असतं, हे मी आधीच सांगितलं. त्या वेळी मी फक्त काठी शोधत होते. मुलगी स्वयंपाकघरातून विचारत होती, “कोण आहे गं?” पलीकडे फोनमध्ये माणसांचा दबका आवाज येत होता, सगळी वाटेच्या तोंडाशी उभी असणार.

“भाऊ,” मी म्हटलं, “रस्ता माझा आहे. मालकीण आल्याशिवाय त्यावर कुणी पाऊल टाकायचं नाही. सांगा सगळ्यांना. मी निघाले.”

“व्हय,” तो म्हणाला. “या तुमी. थांबीवतो समद्यास्नी.”